राजकीय नकाशा वाचायला कुठून सुरुवात करायची? सीमा, वाद आणि देशांची ओळख समजून घेण्यासाठी

बातम्यांत कुठेतरी सीमेवर गोळीबार झाल्याचं येतं, आपण मोबाईलवर मॅप उघडतो, दोन बोटांनी झूम करतो, एक करडी रेषा दिसते आणि वाटतं की चला, कळलं, अलीकडे हा देश आणि पलीकडे तो. पण खरं बघायला गेलं तर अजून काहीच कळलेलं नसतं. ती रेषा कुठल्यातरी साली कोणीतरी कागदावर ओढलेली असते, आणि बरेचदा शेजारच्या देशाने छापलेल्या कागदावर तीच रेषा भलतीकडून जात असते. राजकीय नकाशा हा एक दावा असतो, आणि दावा म्हटला की दावेदार आला, तारीख आली, समोरची पार्टी आली. मी बरीच वर्षं हा नाद करतोय आणि कोणी नवीन माणूस विचारायला आला की ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे लिहितोय.

सामान फार लागत नाही. एक छापील ॲटलास (जुना असेल तर फारच छान), त्यातच डोंगर-नद्या दाखवणारा प्राकृतिक नकाशा असतो तो, इंटरनेटवरचे दोन-तीन वेगवेगळे मॅप, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि एक वही. वही हवीच, कारण आज वाचलेलं महिन्याभराने आठवत नाही आणि सीमांच्या बाबतीत तर साल चुकलं की सगळंच चुकतं.

पहिली पायरी: आधी कडेचं बारीक अक्षर वाचा

नकाशा हातात आला की आपली नजर थेट मधल्या रंगांवर जाते. ती सवय मोडा. आधी चारही कोपरे बघा, कोणी छापलाय, कुठल्या देशात, कुठल्या साली, आणि खाली एखादी तळटीप आहे का. संयुक्त राष्ट्रांच्या नकाशांवर कायम एक टीप असते की यात दाखवलेल्या सीमा आणि नावं म्हणजे संघटनेची अधिकृत मान्यता समजू नये. लोक ती वाचतच नाहीत, पण सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच असतं.

देशागणिक नकाशा बदलतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यामागे कायदा असतो. अर्जेंटिनात २०१० साली कायदा झाला की शाळांमधून जो नकाशा लावायचा त्यात अंटार्क्टिकावर त्यांनी सांगितलेला भागही पूर्ण आकारात दिसला पाहिजे, आणि ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं तर त्यांच्या नकाशात माल्विनास या नावाने त्यांचीच असतात. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. गूगल मॅपवर रशियाने युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियाची रेषा २०१४ नंतर रशियातून बघणाऱ्याला अखंड आणि बाहेरच्या बहुतेकांना तुटक दिसत आली आहे, म्हणजे एकच कंपनी, एकच ॲप, पण बघणारा कुठे बसलाय त्यावर रेषा बदलते. म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवताना तो कुठून आणि कधी काढला हे वहीत लिहा.

नकाशावर साल छापलेलं नसेल तर ते ओळखायची एक युक्ती सांगतो, मला स्वतःला हे करायला फार आवडतं. जर्मनी एक आहे पण सोव्हिएत युनियन अजून अख्खं आहे, तर तो नकाशा ऑक्टोबर १९९० ते डिसेंबर १९९१ या सव्वा वर्षातला. इरिट्रिया वेगळा दिसतोय (१९९३) पण सुदान अजून एकच आहे, म्हणजे जुलै २०११ च्या आधीचा. स्वाझीलँडच्या जागी एस्वातिनी लिहिलंय तर २०१८ नंतरचा, आणि उत्तर मॅसिडोनिया असं पूर्ण नाव असेल तर २०१९ नंतरचा. जुन्या ॲटलासवर असे चार-पाच प्रयोग केले की नकाशा म्हणजे कायमची गोष्ट नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी: रेषा कुठल्या जातीची आहे ते बघा

आता सूचीकडे या, म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यात चिन्हांचा अर्थ दिलेली ती चौकट. अखंड रेषा, तुटक रेषा, ठिपक्यांची रेषा, या प्रत्येकीचा अर्थ वेगळा, आणि दर नकाशात तो सारखा असेलच असं नाही. साधारणपणे अखंड म्हणजे दोघांनी मान्य केलेली सीमा, तुटक किंवा ठिपक्यांची म्हणजे वाद आहे किंवा ती नुसती युद्धबंदीची रेषा आहे.

युद्धबंदी रेषा आणि सीमा यात नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. कोरिया घ्या. ऑगस्ट १९४५ मध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी घाईघाईत नकाशा समोर ठेवून ३८ अंश उत्तर अक्षवृत्त निवडलं, हेतू एवढाच की जपानी सैन्याची शरणागती वर सोव्हिएत सैन्याने घ्यायची आणि खाली अमेरिकेने. मग युद्ध झालं, २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाला, आणि आजची रेषा त्या दिवशी सैन्यं जिथे होती तिथली आहे, म्हणजे ती ३८ वर नाहीच, तिला तिरकी कापून जाते. केसोंग शहर ३८ च्या खाली असूनही उत्तर कोरियात आहे आणि पूर्व किनाऱ्यावरचं सोकचो ३८ च्या वर असूनही दक्षिण कोरियात आहे. हे पेन्सिलने आखून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, पण "कोरियाची फाळणी ३८ अक्षवृत्तावर आहे" हे वाक्य परत तोंडातून निघणार नाही. आणि शांतता करार आजही झालेला नाही.

नियंत्रण रेषेचंही तसंच. १९४९ ची युद्धबंदी रेषा, मग १९७२ च्या सिमला करारानंतर तीच थोड्याफार बदलांनी नियंत्रण रेषा झाली, आणि कागदावर तिचं वर्णन एनजे ९८४२ नावाच्या एका बिंदूपाशी थांबतं, पुढे फक्त "तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत" अशा अर्थाचे शब्द आहेत. पुढे रेषा ओढायची कोणाला गरज वाटली नाही कारण तिथे राहतंय कोण. त्याच न ओढलेल्या तुकड्यावरून १९८४ पासून सियाचिनमध्ये सैन्य बसलंय. नकाशात रेषा जिथे संपते ती जागा नीट बघत जा.

तिसरी पायरी: सरळ की वाकडी

सरळ रेषा दिसली की पट्टी घेऊन कोणीतरी दूर बसून ओढली असं आपण म्हणतो, आणि बरेचदा ते खरंच असतं. इजिप्त आणि सुदान यांच्यामध्ये १८९९ साली २२ अंश उत्तर अक्षवृत्त ठरलं, मग १९०२ मध्ये ब्रिटिशांनी टोळ्यांच्या गुरं चारण्याच्या सोयीने दुसरी, वाकडी, प्रशासकीय रेषा आखली. आज इजिप्त १८९९ ची धरतो, सुदान १९०२ ची, त्यामुळे समुद्रालगतचा हलाइब त्रिकोण दोघांनाही हवाय आणि बीर तविल नावाचा साधारण दोन हजार चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा दोघांनाही नकोय, कारण तो घेतला की हलाइबवरचा दावा आपोआप सुटतो. हा भाग ट्रेसिंग पेपरवर स्वतः काढून बघा, वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट कळतं.

पण सरळ रेषा म्हणजे भांडण हे गणित करू नका. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात शेकडो किलोमीटर ४९ अक्षवृत्त धरून सरळसोट रेषा आहे आणि तिथे युद्ध नाही. तसंच "मध्यपूर्वेतल्या सगळ्या सीमा १९१६ च्या सायक्स-पिको करारात (ब्रिटन आणि फ्रान्सच्या गुप्त करारात) ओढल्या" हे सगळीकडे ऐकू येतं तेही अर्धवट आहे, त्या करारातला नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवले तर ते जुळतच नाहीत, मोसुल त्यात फ्रेंचांच्या प्रभावक्षेत्रात होतं, ते इराकमध्येच राहणार हे १९२६ मध्ये पक्कं झालं. मला वाटतं की असली एका वाक्यातली उत्तरं हाच नकाशे न वाचण्याचा परिणाम आहे.

चौथी पायरी: खाली डोंगर-नद्या घाला, आणि प्रमाण बघा

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे.

राजकीय सीमा ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि तो कागद प्राकृतिक नकाशावर ठेवा (दोन्ही एकाच प्रमाणाचे पाहिजेत). बऱ्याच ठिकाणी रेषा नदीतून किंवा डोंगराच्या धारेवरून जाताना दिसेल. करारात शब्द सोपे असतात, "जलविभाजकावरून", म्हणजे ज्या धारेच्या एका बाजूला पडलेलं पाणी इकडे वाहतं आणि दुसऱ्या बाजूचं तिकडे, ती धार म्हणजे सीमा. ऐकायला एकदम पक्कं वाटतं. आता थायलंड आणि कंबोडिया यांच्यामधलं प्रेह विहार मंदिर बघा.

डांग्रेक डोंगररांगेच्या टोकावर शंकराचं जुनं ख्मेर मंदिर आहे, कंबोडियाच्या बाजूला पाचशे मीटरहून जास्त उंचीचा सरळ तुटलेला कडा, आणि थायलंडच्या बाजूने मात्र हळूहळू चढत जाणारा उतार. १९०४ साली सयाम (आजचं थायलंड) आणि तेव्हा कंबोडियावर राज्य करणारे फ्रेंच यांच्यात करार झाला की या रांगेत सीमा जलविभाजकावरून जाईल. सयामकडे तेव्हा तसे नकाशे काढायची यंत्रणा नव्हती म्हणून त्यांनी हे काम फ्रेंच अधिकाऱ्यांनाच करायला सांगितलं. नकाशे १९०७ मध्ये पॅरिसला तयार झाले आणि पुढच्या वर्षी सयामला पोचले, आणि त्यात रेषा अशी गेली की मंदिर कंबोडियाच्या बाजूला आलं. सयामने हरकत घेतली नाही. उलट गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी नकाशांबद्दल आभार मानले आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांना द्यायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० मध्ये ते स्वतः मंदिर बघायला गेले तेव्हा स्वागताला फ्रेंच अधिकारी हजर, फ्रेंच झेंडा लावलेला, तेव्हाही काही बोलले नाहीत.

पुढे फ्रेंच गेले, १९५४ मध्ये थाई शिपाई मंदिरात येऊन बसले, आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. थायलंडचं म्हणणं की नकाशा चुकलाय, खरा जलविभाजक बघा, मंदिर आमच्याकडे येतं. न्यायालयाने १५ जून १९६२ ला नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं, आणि कारण काय, तर खरा जलविभाजक कुठे आहे हा प्रश्नच आता उरत नाही, तुम्ही हा नकाशा पन्नास वर्षं हरकत न घेता वापरलात, म्हणजे तो मान्य केलात. त्या पंधरा प्रती विसरू नका. सीमेवरचं पाणी कुठे वाहतं यापेक्षा कागद कोणी घेतला आणि गप्प बसला याला जास्त वजन आलं.

आणि ते तिथे संपलं नाही. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेलं, २०११ मध्ये तिथे तोफा चालल्या, जुलै २०२५ मध्ये याच सीमेवर पाच दिवस लढाई झाली. वादाच्या मुळाशी आजही प्रमाणाचा प्रश्न आहे, कंबोडिया त्या जुन्या १:२,००,००० प्रमाणाच्या नकाशावर बोट ठेवतो आणि थायलंड नंतरच्या १:५०,००० च्या नकाशावर. याचा अर्थ काय ते हिशोब करून बघा. १:२,००,००० मध्ये एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर २०० मीटर रुंद होते, १:५०,००० मध्ये तीच ५० मीटर. आणि भिंतीवर लावतो तो जगाचा नकाशा १:३,००,००,००० असेल तर तीच रेषा ३० किलोमीटर रुंद, तिच्याखाली अख्खं शहर झाकलं जाईल. म्हणून कुठलाही सीमावाद समजून घेताना पहिल्यांदा प्रमाण लिहून घ्या, जगाच्या नकाशावरून गावाचं भांडण सोडवायला जाऊ नका. भारत आणि बांगलादेश यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ तुकडे बदलून घेतले, त्यात साधारण पन्नास हजार माणसं राहत होती, पण जगाच्या नकाशावर त्यातला एकही तुकडा कधी दिसला नसता.

(समुद्राबद्दल थोडक्यात: किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाचं पाणी आणि २०० सागरी मैलांपर्यंत मासे-खनिजं यांचा हक्क, हा १९८२ च्या सागरी कायद्याचा नियम. दक्षिण चीन समुद्रातली चीनची नऊ तुकड्यांची रेषा या नियमात बसत नाही असा निकाल जुलै २०१६ मध्ये लवादाने दिला, चीनने तो मानला नाही. समुद्रातली रेषा दिसली की ती कुठल्या अक्षांश-रेखांशावरून जाते ते कुठे लिहिलंय का हे शोधा.)

पाचवी पायरी: माणसं कुठे राहतात

आता भाषा किंवा समाज दाखवणारा नकाशा घ्या आणि राजकीय नकाशाशेजारी ठेवा. १८९३ ची ड्युरंड रेषा, म्हणजे आजची अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमा, पश्तून लोकांच्या मधून जाते आणि म्हणूनच काबूलमध्ये सरकारं बदलली तरी ती रेषा मान्य नाही हे म्हणणं बदलत नाही.

सोमालियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. निळ्या झेंड्यावर पांढरी चांदणी, पाच टोकांची, आणि पाच टोकं म्हणजे सोमाली लोक राहतात ते पाच प्रदेश: इटालियन सोमालीलँड, ब्रिटिश सोमालीलँड, आजचा जिबूती, इथिओपियातला ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग. १९६० साली यातले पहिले दोनच एकत्र आले. म्हणजे देशाचा झेंडा देशाच्या नकाशापेक्षा मोठा आहे, आणि १९७७-७८ मध्ये ओगादेनसाठी युद्ध झालं ते याच चांदणीच्या एका टोकासाठी झालं असं म्हटलं तरी चालेल. गंमत बघा, १९९१ मध्ये सोमालीलँडने वेगळं व्हायची घोषणा केली ती बरोब्बर जुन्या ब्रिटिश वसाहतीच्या रेषेवर. भाषा एक, धर्म एक, तरी परक्यांनी ओढलेली रेषा पुन्हा उठून वर आली.

एक काळजी घ्या, भाषेच्या नकाशातले रंग पण दावाच असतात. एका रंगाच्या पट्ट्यात एकच भाषा बोलतात असं जवळपास कुठेच नसतं, शहरांत तर नाहीच. कुठल्या जनगणनेवरून रंग भरले ते बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सहावी पायरी: नकाशा चिन्ह म्हणून कुठे वापरलाय ते शोधा

देशाची बाह्यरेखा लहानपणापासून इतक्यांदा बघितलेली असते की ती चेहऱ्यासारखी ओळखीची होते, आणि कोणी तिचा कोपरा कापला तर अंगावर घाव बसल्यासारखं वाटतं. हे भावनेचं आहे म्हणून बाजूला ठेवू नका, वादाचं निम्मं इंधन इथे असतं. सायप्रस आणि कोसोवो, दोघांच्याही झेंड्यावर देशाचा नकाशाच आहे. सायप्रसच्या झेंड्यावर बेट अख्खं आहे, प्रत्यक्षात १९७४ पासून ते दोन भागांत आहे. बांगलादेशच्या १९७१ च्या झेंड्यावर लाल गोलात पिवळा नकाशा होता, पुढच्याच वर्षी तो काढला. हंगेरीत १९२० च्या त्रियानों करारात दोन तृतीयांश प्रदेश गेला, आणि त्या जुन्या मोठ्या हंगेरीची बाह्यरेखा आजही लोक गाडीच्या काचेवर चिकटवतात. बोलिव्हियाने किनारा १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीपुढे गमावला, तरी दरवर्षी २३ मार्चला समुद्र दिन पाळतात आणि नौदलही ठेवलंय, ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांत असतं.

नावंही बघा. पर्शियन गल्फ लिहिलंय की अरेबियन गल्फ, जपानचा समुद्र लिहिलंय की पूर्व समुद्र. नकाशा कोणाच्या बाजूने बोलतोय हे रेषेच्याही आधी नाव सांगून टाकतं.

सातवी पायरी: ताबा कोणाचा ते वेगळं लिहा

नकाशावर देश कोणाचा आणि जमिनीवर शिपाई कोणाचा, हे दोन वेगळे रकाने करा. नागोर्नो-काराबाख जगातल्या बहुतेक नकाशांवर कायम अझरबैजानच्या रंगात होतं, पण १९९४ ते २०२० तिथलं सरकार, शाळा, सैन्य सगळं आर्मेनियन लोकांचं होतं. २०२० मध्ये ४४ दिवसांच्या युद्धात बराच भाग अझरबैजानकडे गेला, सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेलाही, आणि काही दिवसांत साधारण एक लाख आर्मेनियन माणसं घरं सोडून निघून गेली. राजकीय नकाशावर या सगळ्या काळात एक रेषादेखील हलली नाही. ज्याने फक्त रंग बघितला त्याला तिथे कधी काही झालंच नाही.

आता करून बघा

पहिल्यांदाच करताय तर सायप्रस घ्या. बेट छोटं आहे, एका कागदावर मावतं, आणि वरच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या तिथे लागू होतात. ट्रेसिंग पेपरवर किनारा काढा, त्यावर संयुक्त राष्ट्रांचा बफर झोन काढा, साधारण १८० किलोमीटर लांब, कुठे काही मीटर रुंद तर कुठे सात किलोमीटरच्या आसपास. डिसेंबर १९६३ मध्ये निकोसिया शहरात एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलने रेषा ओढली म्हणून तिचं नाव ग्रीन लाईन, ते साल बाजूला लिहा. मग १९७४, तुर्की सैन्य उतरलं आणि बेटाचे ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर असे दोन भाग झाले. मग उत्तरेकडच्या भागाने १९८३ मध्ये स्वतंत्र देश म्हणून घोषणा केली आणि मान्यता फक्त तुर्कीने दिली, तेही लिहा. दक्षिणेला दोन ब्रिटिश लष्करी तळ आहेत, अक्रोतिरी आणि धेकेलिया, ते वेगळ्या रंगाने भरा, कारण ती जमीन कायद्याने सायप्रसची नाही, ब्रिटनची आहे. मग तुर्कीत छापलेला नकाशा, ग्रीसमध्ये छापलेला आणि संयुक्त राष्ट्रांचा, असे तीन शोधून शेजारी ठेवा आणि प्रत्येकात निकोसिया कोणत्या नावाने लिहिलंय ते बघा, ग्रीकमध्ये लेफ्कोसिया, तुर्कीत लेफ्कोशा. एका संध्याकाळचं काम आहे. पुढच्या आठवड्यात प्रेह विहार घ्या, १९६२ चा निकाल न्यायालयाच्या वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतो.